तांब्या-पितळेच्या भांड्यांची छायाचित्रे नेमकी कोणत्या शैलीत काढून घ्यावीत?

तांब्याची_कळशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये आमचा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय आहे आणि तो चालवणारी ही तिसरी पिढी आहे. बाजारात दुकान आहे आणि घरामागच्या पडवीत छोटा कारखाना आहे, जिथे वडील आणि चार कारागीर अजूनही हंडे, घागरी आणि पातेली हाताने मठारतात, म्हणजे हातोडीचे ठोके देत घडवतात. आजवर गिऱ्हाईक दुकानात यायचे, भांडे हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायचे, टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि मग भाव करायचे, त्यामुळे छायाचित्रांची गरज कधी पडलीच नाही. आता मात्र बाहेरगावची मंडळी ऑनलाइन मागणी करू लागली आहेत. शिवाय सिंहस्थ तोंडावर आल्यामुळे हॉटेलवाल्यांकडूनही विचारणा येऊ लागली आहे. दोघेही पहिल्याच निरोपात फोटो मागतात.

मी तीन छायाचित्रकारांशी बोलले. पहिले म्हणाले की सगळा माल पांढऱ्या पार्श्वभूमीवर घेऊ, दर नगाप्रमाणे. दुसऱ्यांनी स्वयंपाकघराची मांडणी करून, भांड्यांत पदार्थ वाढून, केळीचे पान आणि समई वगैरे ठेवून फोटो घेण्याचे सुचवले. तिसऱ्यांचे म्हणणे असे की दोन दिवस कारखान्यातच बसतो आणि काम चालू असताना जे दिसेल ते टिपतो. तिघांचे आधीचे काम मी पाहिले आहे आणि तिघांचेही चांगले आहे, म्हणूनच पेच पडला आहे. पैसे एकाच प्रकारापुरते आहेत.

एक अनुभवही सांगते. मागच्या दिवाळीआधी एका ठिकाणाहून वीस भांड्यांचे फोटो काढून घेतले होते. फोटो स्वच्छ होते, पण त्यांत तांबे फिकट पिवळे दिसत होते आणि घागरीवरचे ठोके जवळजवळ नाहीसे झाले होते. पुण्याच्या एका ताईंनी ते पाहून कळवले की, "आम्हाला हाताने घडवलेली घागर हवी होती, ही मशीनवरची दिसते." वडिलांनी ती घागर तीन दिवस मठारली होती. त्यांना ते वाक्य मी वाचून दाखवले नाही.

वडिलांचे मत आहे की भांडी आरशासारखी चकचकीत करून मगच फोटो काढावेत. आपण सर्वांनी अनुभवातून सांगावे, ही विनंती.

अंबड_वर्कशॉप

ताई, आमचा धंदा वेगळा आहे, पण पेच तोच होता. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचे यंत्रभाग बनवण्याचे छोटे युनिट आहे. चार वर्षांपूर्वी संकेतस्थळासाठी फोटो काढून घेतले तेव्हा छायाचित्रकाराने अतिशय रुंद कोनाची लेन्स वापरली आणि आमचा सहा मशीनचा शेड एखाद्या मोठ्या कारखान्यासारखा दिसू लागला. आम्हालाही ते आवडले, हे मान्य करतो. पुढे एका परदेशी कंपनीचे खरेदी अधिकारी पाहणीला आले. आत पाऊल टाकताच ते आधी इकडेतिकडे पाहू लागले आणि मग त्यांनी विचारले, "बाकीचा कारखाना कुठे आहे?" त्यानंतरची सगळी बैठक आम्ही खुलासे देण्यात घालवली. काम उत्तम असूनही ती ऑर्डर आम्हाला मिळाली नाही.

आता आम्ही फोटो घेतो ते मोजमापाच्या खोलीचे, तयार भागाच्या कडांचे आणि साठवणुकीच्या मांडणीचे, कारण आमच्या गिऱ्हाइकाला आमचा आकार किती आहे यापेक्षा आमची अचूकता किती आहे हे पाहायचे असते. कामगारांच्या पायात सुरक्षेचे बूट आणि डोळ्यांना गॉगल आहेत ना, हे फोटोआधी तपासतो. टेबलावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग उघडे राहिलेले नाही ना, हेही पाहतो, कारण गोपनीयतेचा करार अशा एका फोटोनेही मोडू शकतो.

जुना_कॅमेरा

धागाकर्तींचा प्रश्न मला फार जवळचा वाटला, म्हणून सविस्तर लिहितो. सातपूर आणि अंबडमधल्या कारखान्यांसाठी वस्तूंची छायाचित्रे काढण्यात माझी तीस वर्षे गेली आणि आता मी काम थांबवले आहे, त्यामुळे कोणाची बाजू घेण्याचे कारण नाही.

आपण शैलीपासून सुरुवात केली आहे, ती गिऱ्हाइकापासून करावी असे मला वाटते. फोटो पाहणाऱ्याच्या मनात एक ठरावीक प्रश्न असतो आणि जी शैली त्या प्रश्नाचे उत्तर देते तीच त्या कामापुरती योग्य. आपल्याच मजकुरात तो प्रश्न आलेला आहे. पुण्याच्या ताईंना जाणून घ्यायचे होते की ही घागर हाताने घडवलेली आहे की नाही. फोटोने उत्तर दिले "नाही", आणि ते उत्तर खोटे होते.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. घासलेले तांबे म्हणजे आरसाच. गोल भांड्याचा फोटो काढताना खरे तर आपण त्या भांड्यात पडलेल्या खोलीचा फोटो काढत असतो. दार, खिडकी, कॅमेरा आणि छायाचित्रकाराचा शर्टसुद्धा त्यात उतरतो. हे टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे भांड्याभोवती चहूबाजूंनी पांढरे कापड किंवा बटर पेपर लावून बाहेरून सारखा प्रकाश द्यायचा. त्याने खोलीचे प्रतिबिंब जाते हे खरे, पण मठारलेल्या भांड्यावरचा प्रत्येक ठोका हा स्वतःच एक इवलासा खोलगट आरसा असतो, आणि सगळीकडून पांढरेच दिले की त्या शेकडो आरशांत पांढरेच दिसते. ठोके तिथेच असतात, फक्त दिसत नाहीत. त्याऐवजी अरुंद पट्टीसारखा एकच प्रकाश बाजूने, थोडा मागून द्यावा आणि समोरच्या अंगाला काळा पुठ्ठा उभा करावा. मग प्रत्येक ठोक्यात उजेडाची एक बारीक रेघ उमटते आणि तिच्या शेजारी सावली पडते. घागर हलवायची नाही, फक्त दिवा एकेक वीत सरकवत जायचे. एका जागी आल्यावर सगळे ठोके एकदम जागे झाल्यासारखे दिसतात. तो क्षण मी अनेकदा अनुभवला आहे आणि तीस वर्षांनंतरही त्याचा आनंद कमी झाला नव्हता.

काही जण चमक मारण्यासाठी पोलरायझर फिल्टर लावतात. काच, पाणी किंवा वार्निश यांच्यावर तो उपयोगी आहे, पण उघड्या धातूवरची चमक त्याने जात नाही, तेव्हा त्यावर विसंबू नये.

तांबे पिवळे का दिसले, त्याचेही कारण बहुधा साधे आहे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार होणारी रंगांची जुळणी, स्वयंचलित ठेवला आणि चौकटीत सगळीकडे तांबूस रंगच असला, तर कॅमेऱ्याला वाटते की प्रकाशच तांबूस आहे, आणि तो तेवढी लाली काढून टाकतो. भांड्याशेजारी राखाडी कार्ड ठेवून पहिला फोटो घ्यावा आणि रंगाची जुळणी त्यावरून करावी. दुकानातला पिवळा बल्ब आणि दारातून येणारा दिवसाचा उजेड एकाच फोटोत मिसळू देऊ नयेत. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० केल्विनचा आणि दिवसाचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो, त्यामुळे एक बाजू जुळवली की दुसरी बिघडते. पितळ आणि तांबे शेजारी ठेवून एक फोटो जरूर घ्या, म्हणजे रंग बरोबर आला आहे की नाही ते पाहताक्षणी कळेल.

आपल्या वडिलांशी मी आदराने असहमत आहे. चिंचेने स्वच्छ धुऊन, कोरडे पुसून, सुती हातमोजे घालून भांडे ठेवावे, कारण बोटांचे ठसे तांब्यावर लगेच उमटतात. परंतु यंत्रावर आरशासारखे पॉलिश करू नये. त्याने ठोक्यांच्या कडा बोथट होतात आणि गिऱ्हाईक ज्याचे पैसे देते तेच पुसले जाते.

गंगापूररोड

इतका खर्च खरोखर आवश्यक आहे का? आजचे मोबाइल उत्तम फोटो काढतात. माझी बहीण घरगुती फराळाचा व्यवसाय करते आणि सगळे फोटो खिडकीशेजारी मोबाइलवर काढते. तिची विक्री चांगली चालते.

जुना_कॅमेरा

आपल्या बहिणीचा मार्ग तिच्या कामासाठी योग्य आहे. फराळ रोज ताजा होतो, रोज नवा फोटो लागतो, आणि खिडकीतल्या उजेडात चकली सुंदरच दिसते. धागाकर्तींनीही रोजच्या निरोपांसाठी मोबाइल वापरावा. फक्त भांड्याच्या फार जवळ जाऊन मोबाइलच्या मुख्य लेन्सने फोटो घेतला तर जवळचा काठ मोठा आणि बूड लहान दिसते, आणि घागरीचा घाटच बदलतो. चार पावले मागे जाऊन दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरावी. मात्र चाळीस भांडी एकसारख्या उजेडात, एकसारख्या उंचीवरून आणि खऱ्या रंगात हवी असतील, तर ते काम माहितगाराकडे सोपवलेले बरे.

येवलेकर

आम्ही पैठणी विकतो. जुना_कॅमेरा यांनी प्रश्नाबद्दल जे लिहिले आहे ते वाचून मला आमची सगळी धडपड आठवली. सुरुवातीला आम्ही मॉडेलला पैठणी नेसवून, वाड्याच्या पायऱ्यांवर उभे करून फार देखणे फोटो काढून घेतले. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले, परंतु दूरध्वनीवर प्रत्येक गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारायचे की पैठणी हातमागाची आहे कशावरून. मग आम्ही पदर उलटा करून त्याच्या मागच्या बाजूचा फोटो टाकू लागलो. हातमागाच्या पैठणीत नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. त्या एका साध्या फोटोनंतर तो प्रश्न जवळजवळ थांबला. मॉडेलचे फोटो आम्ही अजूनही ठेवतो, कारण लग्नासाठी घेणाऱ्या मुलीला पैठणी अंगावर कशी दिसेल ते पाहायचेच असते. पण पहिला फोटो कोणता हे आता आम्ही गिऱ्हाइकावरून ठरवतो.

रंगाबद्दल एक भर घालतो. धूपछाव पैठणीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. एकाच कोनातला फोटो टाकला की साड्या परत येतात. आम्ही दोन कोनांतून दोन फोटो टाकतो आणि खाली लिहून देतो की दोन्ही रंग याच साडीचे आहेत.

द्राक्षबाग

आमची दिंडोरीकडे बाग आणि लहानसे निवासस्थान आहे. माझा मुद्दा फक्त वेळेचा आहे. पाहुण्यांना घड लगडलेली बाग पाहायची असते, आणि आम्ही पहिले फोटो पावसाळ्यात काढून घेतले, जेव्हा सगळे हिरवेगार होते पण वेलीवर एकही घड नव्हता. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंतच तो देखावा मिळतो, तोही घडांना कागद लावण्याआधी किंवा काढल्यानंतर. मण्यांवरचा पांढुरका मेणासारखा थर बोट लागले की पुसला जातो आणि मग द्राक्ष शिळे दिसते, म्हणून फोटोआधी घडाला कोणी हात लावायचा नाही असे आम्ही आता सांगून ठेवतो. आपल्या कारखान्यातही एखादे काम ठरावीक दिवशीच होत असेल, उदाहरणार्थ कल्हई, तर छायाचित्रकाराचा दिवस त्यावरून ठरवा.

देवळाली आणि ओझर या लष्करी भागांच्या आसपास ज्यांना ड्रोनने फोटो घ्यायचे असतील, त्यांनी आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा कोणत्या क्षेत्रात येते ते पाहून घ्यावे.

पंचवटीकर

व्यवसायाने वकील असल्यामुळे कागदपत्रांबद्दल थोडे लिहितो. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काम सांगणारा असतो, मात्र त्याविरुद्ध करार नसेल तरच. त्यामुळे छायाचित्रकाराच्या कोटेशनखाली बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय सही करू नये. कित्येकदा तिथे फोटो फक्त एका वर्षासाठी किंवा फक्त समाजमाध्यमांसाठी वापरण्याची परवानगी असते आणि पुढे माहितीपत्रक छापताना वाद होतो. छायाचित्रकाराला स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून ते फोटो दाखवायचे असतील तर तेही लिहून घ्यावे, त्यात त्याचेही हित आहे. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला आहे की वेगळा आहे ते विचारावे. आणि कारागिरांचे चेहरे दिसणार असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी, मग ते आपल्याकडे कितीही वर्षे कामाला असोत.

तांब्याची_कळशी

सर्वांचे मनापासून आभार. घागरीचा तो फोटो मी पुन्हा उघडून पाहिला आणि जुना_कॅमेरा काकांनी लिहिले आहे तसेच आहे, घागरीत सगळे पांढरे पांढरे दिसते. काल रात्री वडिलांनी टॉर्च घेऊन तीच घागर अंधारात बाजूने उजळून पाहिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले की पॉलिश नको.

आता माझे गिऱ्हाईक कोण आणि त्याचा प्रश्न काय, हे वहीत लिहायला बसले तेव्हा लक्षात आले की माझ्याकडे तीन वेगळी गिऱ्हाइके आहेत. घरासाठी घेणाऱ्याला हातकाम आहे का ते पाहायचे असते. हॉटेलच्या आचाऱ्याला आतली कल्हई, पत्र्याची जाडी, किती लिटर मावते आणि कान किती मजबूत आहेत ते हवे असते. पूजेसाठी अभिषेकपात्र किंवा ताम्हन घेणाऱ्याला आकार आणि परंपरेप्रमाणे घडण हवी असते. मग तिन्ही शैली लागतील की काय, अशी भीती वाटते.

जुना_कॅमेरा

तिन्ही लागतील, पण सारख्या प्रमाणात नाही, आणि म्हणून खर्चही तिप्पट होणार नाही.

ऑनलाइन बाजारपेठांसाठी पांढरी पार्श्वभूमी टाळता येत नाही. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी पूर्ण शुभ्र लागते आणि वस्तूने चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. लांब बाजू किमान १००० पिक्सेलची असली की गिऱ्हाइकाला फोटो मोठा करून पाहता येतो. तेव्हा जी भांडी तिथे विकायची आहेत तेवढीच त्या पद्धतीने घ्या, पण छायाचित्रकाराला पट्टीच्या प्रकाशाची अट घाला. पांढऱ्या पार्श्वभूमीवरही ठोके दाखवता येतात, त्याला फक्त थोडे जास्त कष्ट पडतात. हॉटेलसाठी त्याच दिवशी, त्याच मांडणीत भांडे तिरपे करून आतला भाग घ्या आणि कान धरलेला एक हात चौकटीत येऊ द्या. हातामुळे आकार लगेच कळतो, आकडे नंतर वाचले जातात.

स्वयंपाकघराची मांडणी मी सध्या वगळेन. ती वाईट नाही, पण केळीचे पान आणि समई कोणत्याही भांड्याशेजारी ठेवता येते, मशीनवरच्यासुद्धा. तो पैसा कारखान्यातल्या एका दिवसासाठी वापरावा, दोन दिवसांची गरज नाही.

या बाबतीत त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. चित्रपटाकडे वळण्याआधी त्यांनी छायाचित्रण आणि छपाई हेच उद्योग केले होते. चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि रोज थोडे थोडे चित्रण करून रोप उगवतानाची एक छोटी फिल्म तयार केली. पैसे देणाऱ्याला त्यांनी तयार रोप दाखवले नाही, ते वाढताना दाखवले. आपल्या पडवीत जे रोज घडते आहे त्याची ताकद तीच आहे.

छपाईचाही विचार आत्ताच करा. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापायचे तर सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा फोटो लागतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो त्यासाठी पुरत नाही, म्हणून मूळ फायली पेन ड्राइव्हवर घ्या.

अंबड_वर्कशॉप

कारखान्यातल्या दिवसाबद्दल एक विनंती करतो, पडवी आहे तशीच राहू द्या. आम्ही फोटोआधी भिंती रंगवल्या होत्या आणि त्या फोटोंत आमचाच शेड आम्हाला परका वाटतो. झाडलोट अवश्य करावी, पण वापरातली ऐरण आणि घासलेले हातोडे लपवू नयेत.

तांब्याची_कळशी

ठरले. तिसऱ्या छायाचित्रकारांशी बोलणे झाले आणि त्यांनी पांढऱ्या पार्श्वभूमीचे कामही करण्याची तयारी दाखवली. आधी एका घागरीचा नमुना करून दाखवा, अशी विनंती मी केली. त्यांनी दुकान बंद झाल्यावर रात्री येऊन, दिव्यापुढे काळ्या पुठ्ठ्याची फट धरून, जवळजवळ पाऊण तास दिवा सरकवला. तो फोटो मी त्या पुण्याच्या ताईंना पाठवला आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही, पण पाठवणे मला आवश्यक वाटत होते. पंचवटीकर दादांनी सांगितल्याप्रमाणे करारात वापराची मुदत आणि जीएसटी स्पष्ट लिहून घेतला. चारही कारागिरांनी संमतीपत्रावर सह्या केल्या. कल्हईवाले गुरुवारी येतात, म्हणून कारखान्यातला दिवस गुरुवारचाच ठेवला आहे.

एक गोष्ट वडिलांनी सुचवली आणि ती आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. त्यांनी एक हंडा मुद्दाम अर्धाच मठारून ठेवला आहे. डाव्या अंगाला नुसता घडवलेला, कोरा, मंद पत्रा आणि उजव्या अंगाला ओळीने ठोके, मधोमध हातोडा थांबला ती सीमा. पहिल्या पानावर तोच लावा, असे ते म्हणाले. सध्या तो हंडा धुतलेल्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, आणि गुरुवारपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद आहे.